घरच्या घरी आठ ट्रॅकवर भजन भरताना चौथ्या थराला लय का सुटते?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते इतर वाचकांनाही समजेल. आपण देवगड तालुक्यातील एका भजनी मंडळाचे बुवा आहात. पेटी आणि गायन आपले, पखवाज भाच्याचा. मंडळातील बरीच मंडळी नोकरीनिमित्त मुंबईला असल्यामुळे गणपतीपूर्वी एक अभंग आणि एक गजर घरीच ध्वनिमुद्रित करावा, या हेतूने आपण आठ ट्रॅकचा लहान रेकॉर्डर घेतला, ज्यावर एका वेळी दोनच ट्रॅक भरता येतात. पहिले दोन थर चांगले आले. चौथ्या थरापासून लय सुटू लागली, स्वतःच्याच आवाजात चार वेळा भरलेली झील (बुवामागे ओळ धरणारी समूहाची साथ) पोकळ वाटते आणि सगळे ट्रॅक एकत्र वाजवले की गाणे गढूळ होते. आता महागडा माइक घ्यावा की सोळा ट्रॅकचे यंत्र घ्यावे, असे आपण विचारले आहे.

सध्या दोन्ही घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या तीनही तक्रारी यंत्राच्या नाहीत. प्रत्येक नवा थर भरताना आपण हेडफोनमध्ये काय ऐकत होता आणि माइकपुढे कुठे बसला होता, या दोन गोष्टींतून त्या निर्माण झाल्या आहेत. सोळा ट्रॅकचे यंत्र आणले तर हेच दोष सोळा वेळा साठतील. मी गेली अनेक वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील भजनी मंडळांची, नमन मंडळांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या घरी किंवा देवळाच्या सभामंडपात जाऊन करतो, आणि त्यातली बरीचशी अशाच हातात मावणाऱ्या यंत्रांवर झालेली आहेत. काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील: घर जुने कौलारू आहे की स्लॅबचे, समुद्र किती जवळ आहे, भाच्याचा हात किती स्थिर आहे, आणि झील धरायला घरातील दोन-तीन माणसे मिळतात की नाही. जिथे फरक पडेल तिथे तसे सांगतो.

लयीपासून सुरुवात करू, कारण ती सुटली तर बाकीचे कितीही चांगले असले तरी भजन ऐकवत नाही. आपल्या वर्णनावरून क्रम असा दिसतो की आधी पेटी भरली, मग तिच्यावर पखवाज, मग आवाज, मग झील आणि झांज. प्रत्येक वेळी हेडफोनमध्ये आधीचे सगळे ट्रॅक सारख्याच पातळीवर चालू होते. अशा वेळी माणूस नकळत सर्वांत ताज्या थराच्या मागे जातो. आवाज पखवाजाच्या किंचित मागे असतो, झील आवाजाच्या किंचित मागे, आणि झांज झिलेच्या मागे. एकेक अंतर कानाला जाणवत नाही, पण ती सगळी एकाच दिशेला साठतात. चिऱ्याची भिंत उभी करताना गवंडी प्रत्येक चिरा ताणलेल्या दोरीला लावून बसवतो, शेजारच्या चिऱ्याला नव्हे. इथेही दोरी एकच असावी लागते, आणि भजनात ती दोरी म्हणजे पखवाज.

म्हणून पहिला नियम असा की कोणताही थर भरताना हेडफोनमध्ये पखवाज सर्वांत मोठा ठेवावा, नुकताच भरलेला थर सर्वांत लहान ठेवावा, आणि झांज भरताना तर पखवाज व मूळ गायन सोडून बाकी सगळे बंद करावे. हे केवळ ऐकण्यापुरते आहे. फेडर (ट्रॅकची पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली घेतल्याने आधी भरलेला ट्रॅक बिघडत नाही. अंतिम मिश्रण कसे असेल त्याचा विचार या टप्प्यावर मनात आणू नये. गाणे कानाला छान वाटेल असे हेडफोन लावून बसण्याचा मोह होतो, पण ते मिश्रण ऐकण्यासाठी असते, वाजवण्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाया एकट्याने घालू नये. आपल्या यंत्रात दोन ट्रॅक एकाच वेळी भरता येतात, आणि त्या दोन्हींचा सर्वांत मोलाचा उपयोग पहिल्याच बैठकीत आहे. आपण पेटी घेऊन ओटीवर बसावे, भाच्याला पखवाज देऊन माजघरात बसवावे, मधले दार एवढेच उघडे ठेवावे की एकमेकांचे हात आणि मान दिसेल. आपल्यापुढे एक साधा माइक, पखवाजापुढे दुसरा. मग संपूर्ण अभंग, अगदी कार्यक्रमात म्हणतो तसा, आरंभापासून शेवटपर्यंत म्हणावा. पहिला ट्रॅक म्हणजे आपली पेटी आणि गाणे एकत्र. हा कच्चा ट्रॅक, तो शेवटी पुसायचाच आहे, म्हणून आवाज बसला, शब्द चुकला तरी थांबू नये. दुसरा ट्रॅक म्हणजे पखवाज. तो खरा, तो ठेवायचा. आपले गाणे दाराआडून पखवाजाच्या माइकमध्ये थोडेसे उतरेल, म्हणून या बैठकीत आवाज दाबून म्हणावे. पेटीही एकाच सुरावळीवर, कमी भात्याने वाजवावी.

हा खटाटोप मेट्रोनोम (ठरवलेल्या लयीत टकटक देणारे साधन) लावून टाळता येणार नाही का, असे आपण विचाराल. नवशिक्या वादकाबरोबर किंवा संथ, एकाच लयीत राहणाऱ्या भक्तिगीतासाठी मेट्रोनोम जरूर वापरावा. परंतु आपल्याकडच्या भजनाची गंमतच अशी आहे की लय वाढत जाते. अभंगाचे शेवटचे कडवे पहिल्यापेक्षा चढे असते आणि गजर तर प्रत्येक आवर्तनागणिक पुढे सरकतो. ती वाढ बुवा आणि पखवाजी एकमेकांकडे पाहून करतात. आठ मात्रांचा भजनी ठेका एकाच आकड्यावर बांधून घातला की गजर आहे तिथेच राहतो, आणि डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) बसणारा श्रोता ते लगेच ओळखतो. दोन माणसांनी मिळून वाढवलेली लय एकदा पखवाजाच्या ट्रॅकमध्ये पक्की झाली की पुढचे सगळे थर त्याच चढावरून चढतात.

सुरुवातीला दोन रिकामी आवर्तने सोडून तोंडाने मात्रा मोजाव्यात आणि त्या मोजणीसह ध्वनिमुद्रण करावे. हे फार लोक विसरतात, आणि मग तिसऱ्या थराला पहिली सम (आवर्तनाची पहिली मात्रा) नेमकी कुठे पडणार ते कोणालाच कळत नाही. गाण्याच्या मध्ये जिथे पखवाज थांबतो, म्हणजे मुक्त आलापीच्या जागी किंवा तिहाईनंतरच्या विरामात, तिथेही कच्च्या ट्रॅकवर पुढच्या उठावाआधी हळू आवाजात मोजून ठेवावे. शेवटची सम पडल्यावर पेटीचा सूर पूर्ण विरेपर्यंत कोणी हलू नये; यंत्र त्यानंतर बंद करावे.

आता पेटी. बहुतेक बुवांची अडचण अशी की वाजवणे आणि गाणे या त्यांच्यासाठी दोन क्रिया नाहीतच. गाणे काढून घेतले की हात भरकटतात. दोन ओळींमधली पेटीची भरणी एक मात्रा आधी येते, नाहीतर उशिरा. त्यावर मला उपयोगी पडलेला मार्ग असा: खरी पेटी भरताना कच्चा ट्रॅक कानात ठेवावा आणि ओठ हलवून, आवाज न काढता, सगळे शब्द म्हणावेत. श्वाससुद्धा गाताना जिथे घेतो तिथेच घ्यावा. पुढे आवाज भरताना उलट करावे. बंद पेटी पुढ्यात घेऊन तिच्यावर बोटे फिरू द्यावीत. हे पाहणाऱ्याला विचित्र दिसते, पण आलापाची लांबी हातावरच मोजणाऱ्या गायकाला त्याने फार आधार मिळतो. इतके करूनही अभंगातील आलापी निर्जीव वाटत असेल, तर त्या अभंगापुरता वेगळेपणाचा आग्रह सोडावा आणि पेटी व आवाज एकाच वेळी दोन माइकवर घ्यावेत: एक माइक तोंडाशी, दुसरा पेटीच्या मागच्या अंगाला, भात्यापासून दूर. एकमेकांचा आवाज एकमेकांत येईल आणि नंतर एकच ओळ दुरुस्त करणे कठीण जाईल, हे त्याचे मोल. अभंग असा एकत्र घ्यावा आणि गजर सुटा घ्यावा, असा माझा सर्वसाधारण कल असतो.

सुटी पेटी घेताना माइक फार जवळ नेऊ नये. जवळून भात्याचा श्वास, पट्ट्यांची टकटक आणि लाकडाची करकर सूरापेक्षा जास्त येते. साधारण दोन-अडीच फुटांवरून, किंचित वरून, पेटीकडे पाहणारा माइक पुरतो. रेकॉर्डरचाच अंगचा माइक वापरत असाल तर यंत्र पाटावर किंवा जमिनीवर थेट ठेवू नये. भात्याचा प्रत्येक झटका आणि पायाचा ठेका लाकडातून यंत्रात उतरतो. घडी घातलेली जाड चादर खाली पुरेशी होते.

पखवाजाला हवेची बाधा सर्वांत जास्त. पावसाळ्यात कातडे ओल धरते, शाईच्या पुडीचा सूर उतरतो, आणि कणीक लावलेली बाजू सुकत जाईल तसा तिचाही आवाज बदलतो. संध्याकाळी सुरात लावलेला पखवाज दुसऱ्या दिवशी त्याच सुरात नसतो. अशा वेळी अर्धे गाणे आज आणि अर्धे उद्या असे केले तर जोड लपत नाही. म्हणून पखवाज एका बैठकीतच पूर्ण करावा, प्रत्येक प्रयत्नाआधी पेटीच्या त्याच एका पट्टीवर सूर तपासावा, आणि कणीक ध्वनिमुद्रणाच्या थोडी आधी ताजी लावावी. एकच माइक असेल तर तो पखवाजाच्या मधोमध, दोन-तीन फुटांवर, वादकाच्या समोरून ठेवावा आणि दोन्ही बाजूंचा तोल माइक इकडेतिकडे सरकवून साधावा. जवळ दोन माइक लावण्याचा हौसेचा प्रयोग पायाच्या बैठकीत करू नये. तिथे आपल्याकडे पखवाजासाठी एकच ट्रॅक आहे, आणि दोन माइक एकत्र मिसळले तर अंतरातील फरकामुळे घुमाराच काही वेळा एकमेकांना खाऊन टाकतो.

सुरांबद्दल एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण आपण तानपुऱ्याचे अॅपही एका ट्रॅकवर घेतल्याचे लिहिले आहे. पेटी समविभाजित स्वरांची असते. तिचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या अनुनादातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. म्हणजे १४ सेंटचा फरक. काळी एक पट्टीत, पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापाने जुळवलेली असेल तर पुरुषी आवाजाचा सा साधारण १३८.६ हर्ट्झ येतो, आणि या दोन गंधारांमध्ये सेकंदाला एकापेक्षा थोडी अधिक आंदोलने पडतात. एकटा गायक गाताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण गळा आपोआप मधला मार्ग काढतो. परंतु चार थरांची झील असली आणि त्यातले दोन थर पेटीकडे, दोन तानपुऱ्याकडे कान देऊन भरलेले असले, तर गंधारावर प्रत्येक वेळी सूर हेलकावतो आणि आपल्याला कारण सापडत नाही. भजनात पेटी हाच राजा असल्यामुळे मी झील भरताना तानपुरा हेडफोनमधून पूर्ण काढून टाकतो. त्याआधी अॅपचा सा पेटीच्या सा ला कानाने किंवा ट्यूनरने जुळवून घ्यावा. जुन्या पेट्या ४४० च्या मापात असतीलच असे नाही. शिवाय अॅपचा आवाज मोबाईलच्या स्पीकरमधून माइकने घेऊ नये, तारेने थेट यंत्रात न्यावा.

हेडफोनही तारेचेच हवेत. ब्लूटूथमध्ये आवाज सर्रास शंभर मिलिसेकंद किंवा त्याहूनही अधिक उशिरा पोचतो आणि तेवढ्यात ठेका हातचा जातो. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे झांजवाला तीन मीटरवर बसला तरी फक्त नऊ मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि तो कानाला खटकत नाही. हेडफोन कान पूर्ण झाकणारे असावेत, नाहीतर त्यातला पखवाज झिरपून गाण्याच्या माइकमध्ये जातो आणि मुख्य आवाजाच्या मागे बारीक टकटक कायमची राहते.

झील पोकळ का वाटली? आपण चारही वेळा त्याच जागी, त्याच माइकपुढे, त्याच अंतरावर, त्याच आवाजात गायलात. प्रत्येक खोली काही ठराविक सूर फुगवते. एका थरात तो फुगवटा जाणवत नाही. चार थरांत तोच फुगवटा चार वेळा एकावर एक चढतो आणि खोली गाते असे वाटू लागते. म्हणून प्रत्येक थराला जागा बदलावी. पहिला थर माइकपासून हातभर अंतरावरून, दुसरा दोन-तीन हात मागे उभे राहून, तिसरा शेजारच्या दारात, चौथा बसून. आवाजाची जातही बदलावी: एका थरात खालच्या सप्तकात, एकात जरा नाकातून, एकात मोकळ्या गळ्याने. ओळीच्या शेवटची व्यंजने, विशेषतः स, च, ट, एकाच थरात स्पष्ट म्हणावीत आणि इतर थरांत जवळजवळ गिळून टाकावीत. चार वेळा वेगवेगळ्या क्षणी पडलेला ‘स’ फार वाईट ऐकू येतो.

तरीही खरे सांगायचे तर एका माणसाची चार थरांची झील कितीही कौशल्याने केली तरी खऱ्या झिलेसारखी होत नाही. घरातील आणि शेजारची तीन माणसे एका माइकभोवती अर्धवर्तुळात उभी करून दोन वेळा घेतली, दुसऱ्या वेळी जागा बदलल्या, की सहा जणांचा भरीवपणा येतो आणि दोनच ट्रॅक खर्ची पडतात. त्यांच्यातील एखादा थोडा बेसूर असला तरी चालतो. गावच्या झिलेत तो असतोच. हेडफोन एकच असेल तर तो त्यांच्यातील पक्क्या माणसाला द्यावा आणि इतरांनी त्याच्या हाताकडे पाहावे.

मुख्य आवाजाला स्वतःच्याच आवाजाची जोड देण्याचा प्रकार फक्त गजराच्या सरळ ओळींवर करावा. मुरकी, मींड, खटका यांची जोड माणसाला दुसऱ्यांदा हुबेहूब जमत नाही आणि जमू नये; तिथे दोन थर एकत्र आले की हरकत पुसट होते. अभंगाचे कडवे एकाच आवाजात असावे.

गढूळपणाची दोन कारणे आहेत. एक म्हणजे जवळून गाणे. दिशा धरणाऱ्या माइकच्या अगदी जवळ गेले की खर्ज फुगतो. मुख्य आवाजाला ते भारदस्त वाटते, पण सगळेच थर तसे घेतले की खालचा भाग भरून जातो आणि पखवाजाच्या घुमाऱ्याला जागाच उरत नाही. यंत्रावर खालचा भाग कापणारी सोय असेल तर आवाज आणि झिलेसाठी १०० हर्ट्झच्या आसपासपासून खालचे कापून टाकावे. पखवाजावर मात्र ती लावू नये.

दुसरे कारण आपल्या किनाऱ्याचे आहे. समुद्राची गाज, माडांच्या झावळ्या, रातकिडे, दूरच्या होडीचे इंजिन, पंखा. एका ट्रॅकवर हे ऐकूही येत नाही. पण सारख्या पातळीचा असा गोंगाट ट्रॅकची संख्या दुप्पट झाली की ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे आठ ट्रॅकला ९ डेसिबल. जी गाज पहिल्या ट्रॅकवर नव्हती ती आठव्या ट्रॅकला भजनाच्या मागे पडद्यासारखी येऊन बसते. उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा: ज्या ट्रॅकवर ज्या ठिकाणी कोणी गात-वाजवत नाही तो भाग पुसून टाकावा. झिलेच्या ट्रॅकवर कडवे चालू असताना काहीच नसते. तिथे नुसती गाज आहे. ती काढली की गाणे किती स्वच्छ होते याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. मुख्य आवाजाच्या ट्रॅकवर मात्र दोन ओळींमधला श्वास पुसू नये.

खोलीबद्दल थोडे. जुने कौलारू घर, उतरते छप्पर, गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत आणि सारवलेली जमीन असेल तर नशीबवान आहात. जांभ्याचा खडबडीत पृष्ठभाग आणि तिरके छप्पर यामुळे आवाज समोरासमोर आपटत राहत नाही. गिलावा, लाद्या आणि स्लॅब असेल तर मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. मागोमाग फडफडल्यासारखा आवाज आला तर ती खोली गाण्याला नको. गोधड्या लावायच्या असतील तर त्या गायकाच्या पाठीमागे लावाव्यात, कारण माइकचे तोंड तिकडे असते. बहुतेक जण माइकच्या पाठीमागे लावतात आणि त्याचा फायदा फार थोडा होतो. पाऊस कौलांवर कोसळत असताना काहीही भरू नये. श्रावणात उघडीप मिळते ती रात्री उशिरा किंवा पहाटे वापरावी; त्या वेळी एसटी आणि रिक्षाही नसतात. त्यातही सर्वांत कोरड्या दिवशी आधी पखवाज उरकून घ्यावा.

वीज हा आपल्याकडचा वेगळाच विषय. मला तर ही लहान यंत्रे बॅटरीवर चालतात हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो. घरच्या जोडणीत अर्थिंग नीट नसले की ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर ट्रॅकमध्ये येतात. बॅटरीवर गेले की ती बहुधा नाहीशी होते. शिवाय ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली आणि यंत्र बंद पडले, तर चालू असलेला ट्रॅक कार्डावर पूर्ण लिहिला गेलेला नसतो आणि हातचा जाऊ शकतो. नव्या पेशी घालूनच बैठक सुरू करावी. काम संपल्यावर यंत्र आणि माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कंडेन्सर माइक असेल तर हे फारच आवश्यक, कारण दमटपणाने तो चरचरू लागतो. आपल्या हवेत आणि आपल्या खोलीत साधा डायनॅमिक माइकच अधिक सोयीचा आहे, आणि तो आपल्याकडे आहे. म्हणून माइक घेऊ नका असे सुरुवातीला म्हटले.

पातळी ठरवताना गजराचा सर्वांत मोठा आवाज आधी म्हणून पाहावा आणि त्या क्षणी काटा शून्याच्या खाली १२ डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवावे. पहिल्या कडव्यावर पातळी लावली तर गजराला ट्रॅक फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही सुधारत नाही. झांजेच्या बाबतीत काट्यावरही पूर्ण विश्वास ठेवू नये. तिचा ठोका इतका क्षणिक असतो की तो काही काट्यांवर दिसायच्या आत येऊन जातो. तिला सात-आठ फूट लांब, शक्य तर दाराबाहेर पडवीत बसवावे आणि सर्वांत शेवटी भरावे. आपण झांज पेटीच्या जवळ बसून भरली असावी असे मला वाटते.

आठ ट्रॅक कमी पडतात, ही आपली भीती अनाठायी आहे. टीॲक कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या पोर्टास्टुडिओ १४४ मध्ये साध्या कॅसेटवर चारच ट्रॅक होते, आणि तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवून ते तीन पुन्हा मोकळे करायचे, असे करत लोक गाणी पुरी करत. कॅसेटवर प्रत्येक उतरवणीला खरखर वाढे आणि वरचे सूर मंद होत. डिजिटल यंत्रात तसे होत नाही. मात्र ट्रॅक एकत्र करताना ठरवलेला आपसांतील तोल कायमचा होतो. म्हणून एकत्र करण्याआधी सुटे ट्रॅक संगणकावर उतरवून ठेवावेत. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट लागतात, म्हणजे सहा मिनिटांच्या गजराचे आठही ट्रॅक साधारण २५० मेगाबाइटमध्ये मावतात. जागेची काटकसर करण्याचे कारण नाही. एकत्र करताना खोलीसारखा घुमारा देणारा परिणाम (रिव्हर्ब) लावू नये, तो शेवटच्या मिश्रणात एकदाच द्यावा. आपल्या बाबतीत ट्रॅक असे पडतील: पहिला कच्चा, दुसरा पखवाज, तिसरा पेटी, चौथा मुख्य आवाज, पाचवा आणि सहावा झील, सातवा झांज, आठवा तानपुरा. मुख्य आवाज मनासारखा झाला की पहिला पुसून तिथे गजराची जोड घ्यावी.

एखादी ओळच बिघडली असेल तर तेवढी पंच-इन करून (चालू ट्रॅकमध्ये तेवढ्याच जागी नव्याने भरून) बदलावी, पण गाणे दोन ओळी आधीपासून म्हणत यावे. थेट त्या शब्दावर उठले तर श्वास आणि जोर वेगळा पडतो. जोड श्वासाच्या जागी असावी. लांबवलेल्या सुराच्या मध्ये कधीही नसावी.

मिश्रणात फार काही करावे लागत नाही. आवाज दबतो असे वाटले तर तो वाढवण्याऐवजी पेटी कमी करावी, कारण दोघांचा मुख्य प्रदेश एकच आहे. पखवाज आणि मुख्य आवाज मध्यभागी, पेटी किंचित एका अंगाला, झिलेचे दोन ट्रॅक दोन बाजूंना, झांज लांब आणि लहान. नंतर दोन्ही बाजू एकत्र करून, मोनोमध्ये, एकदा ऐकावे, कारण आपले भजन बहुतेक लोक मोबाईलच्या एकाच स्पीकरवर ऐकणार आहेत. त्या स्पीकरवर पखवाजाचा खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही. तिथे ठेका शाईच्या पुडीवरच्या बोलांनीच कळतो. ते कळत नसतील तर खर्ज वाढवू नये, पखवाजाचा मधला भाग थोडा उचलावा.

मुंबईच्या मंडळींना सरावासाठी पाठवताना व्हॉट्सअॅपवर माइकचे चिन्ह दाबून फोन स्पीकरजवळ धरू नये; मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशीच पोचते. त्यांच्यासाठी मुख्य आवाज बंद केलेली आणि मोजणीची दोन आवर्तने राखलेली एक वेगळी प्रतही करावी. तिच्यावर ते आपापल्या घरी झील धरून सराव करतील, आणि चतुर्थीला गावी आले की पाचवा आणि सहावा ट्रॅक त्यांच्याच आवाजात पुन्हा भरता येईल.